वायफायला एकच नाव ठेवायचं की दोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत टू बीएचके, २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, नवा ड्युअल बँड राउटर. बसवायला आलेल्या मुलाने 'स्मार्ट कनेक्ट' चालू करून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडना (म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांना: २.४ लांब पोचतो पण हळू, ५ वेगवान पण भिंतींत लवकर दमतो) एकच नाव दिलं. तेव्हापासून दारावरची वायफाय डोअरबेल काही केल्या जोडली जात नाही, आणि मागच्या बेडरूममध्ये बाबांच्या फोनवर यूट्यूब अडकतं. मित्र म्हणतो दोन नावं कर, केबलवाला म्हणतो आहे ते राहू दे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. घरातल्या फोन-लॅपटॉपसाठी नाव एकच ठेवा. त्याच्या जोडीला फक्त २.४ वर चालणारं एक वेगळं नाव डोअरबेलसारख्या वस्तूंसाठी उघडा. आणि बाबांच्या यूट्यूबचं खापर सध्या तरी नावावर फोडू नका, तो प्रश्न बहुतेक भिंतीचा किंवा शेजाऱ्यांचा निघेल. तुमच्या दोन तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या म्हणून एकाच कारणाच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत.

कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावून देणं हा माझा धंदा. 'एक नाव की दोन' हा वाद प्रत्येक सोसायटीत ऐकू येतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट गृहीत धरून बोलतात: कुठलं उपकरण कुठल्या बँडवर जाईल हे राउटर ठरवतो. प्रत्यक्षात ते ठरवतो फोन. राउटर फार तर सुचवतो.

स्मार्ट कनेक्ट म्हणा, बँड स्टिअरिंग म्हणा, त्याची चाल साधी असते. फोन २.४ वर "कोणी आहे का?" अशी हाक मारतो, तेव्हा राउटर मुद्दाम थोडा वेळ गप्प बसतो. हेतू हा, की फोनने ५ वर जाऊन बघावं. दुसरी चाल म्हणजे जोडलेल्या फोनला निरोप पाठवायचा की तिकडच्या बँडवर जा, बरं पडेल. हा निरोप मानायचा की नाही हे फोनच्या मर्जीवर. नवे फोन बहुतेकदा मानतात. जुने टॅब, प्रिंटर, टीव्ही यांना तो निरोप कळतच नाही. आणि गप्प बसण्याच्या चालीचा तोटा असा, की काही जुनी उपकरणं दोनतीनदा हाक मारून नाद सोडून देतात. मग घरात ऐकू येतं, 'आमचा प्रिंटर नव्या राउटरला लागतच नाही.'

म्हणजे पर्याय दोन नसून तीन आहेत. दोन वेगळी नावं हा एक. एक नाव आणि स्मार्ट कनेक्ट चालू हा दुसरा. तिसरा कोणी फारसा सांगत नाही: स्मार्ट कनेक्ट बंद करायचं, पण दोन्ही बँडना हाताने तेच नाव, तोच पासवर्ड आणि तोच सुरक्षा प्रकार (डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ अशी वायफायच्या कुलपाची जात) द्यायचा. मग राउटर मध्ये लुडबुड करत नाही आणि निवड पूर्णपणे फोनवर राहते. स्वस्तातल्या राउटरवर मला हा तिसराच सगळ्यात शांत चालताना दिसतो. कारण त्यांचं स्मार्ट कनेक्ट कधीकधी अतिउत्साही असतं. फोन बेडरूममध्ये बिचारा २.४ वर धरून बसलेला असतो आणि राउटर त्याला ढकलून ५ वर पाठवायला बघतो. व्हॉट्सॲप कॉल मध्येच दोन सेकंद मुका होतो तो अशा वेळी. चांगल्या राउटरवर मात्र दुसरा पर्याय खुशाल चालू ठेवा.

आता डोअरबेल. या वस्तूंच्या पोटात स्वस्त चिप असते आणि तिला फक्त २.४ कळतं. तुमचा राउटर २.४ वर चालूच आहे, मग अडतं कुठे? अडतं ते पहिल्यांदा जोडताना. काही ॲप फोन कुठल्या बँडवर आहे ते बघतात आणि ५ दिसला की पुढेच जाऊ देत नाहीत. काही वस्तूंची जोडणी त्याहून गमतीशीर असते. फोन हवेत डेटाची काही पाकिटं सोडतो, आणि वायफायचं नाव-पासवर्ड त्या पाकिटांच्या लांबीत दडवलेलं असतं. आतला मजकूर कुलूपबंद असल्याने वस्तूला वाचता येत नाही, पण पाकीट किती लांब आहे ते बाहेरून मोजता येतं, आणि त्यावरून ती पासवर्ड जुळवते. ही मोजणी ती फक्त २.४ च्या हवेत करते. फोन ५ वर असला की हा निरोप तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. दिवा लुकलुकत राहतो आणि दोन मिनिटांनी ॲप 'टाइमआउट' म्हणून हात वर करतं.

एकदा जोडली गेली, की मात्र तिला एका नावाचा काडीचाही त्रास नाही. त्या नावाचा २.४ तिला दिसतो, ती त्यावर जाते, विषय संपला. फोन ५ वर असला तरी बेल वाजल्याचं कळतं, कारण दोन्ही बँड राउटरच्या पोटात एकाच जाळ्याला जोडलेले असतात. 'दोन नावं म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं' असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. म्हणून त्या दहा मिनिटांच्या अडचणीसाठी घरातल्या सगळ्यांचं वायफाय कायमचं दुभंगून ठेवणं मला पटत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये उघडतं ते) जाऊन ५ चा रेडिओ बंद करा, बेल जोडा, ५ पुन्हा चालू करा. कंपनीच्या राउटरवर ती सेटिंग कुलूपबंद असेल तर फोन घेऊन जिन्यात दोन मजले खाली उतरा. ५ ची रेंज संपून फोन आपोआप २.४ वर येतो, मग वर येऊन लगेच जोडणी सुरू करा. उपाय गावठी आहे, पण बरेचदा चालतो.

तुमची बेल कॅमेऱ्याची असेल तर कदाचित तिला फोनच्या पडद्यावरचा क्यूआर कोड दाखवायचा असतो. तसं असेल तर फोन कुठल्या बँडवर आहे याचा प्रश्नच येत नाही, नाव-पासवर्ड त्या कोडमध्येच असतं. आणि तरीही जोडत नसेल, तर माझा संशय सुरक्षा प्रकारावर जाईल. नवे राउटर डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२/३ मिश्र अशा सेटिंगवर येतात, आणि स्वस्त वस्तूंना डब्ल्यूपीए२ च्या पुढचं कळत नाही. काही तर मिश्र सेटिंगलाही बिचकतात. 'नाव एक केल्यापासून बेल लागत नाही' या तक्रारीत खरा बदल बरेचदा हाच असतो: नवा राउटर आला, नाव एक झालं आणि त्याच दिवशी सुरक्षाही बदलली. दोष मात्र जातो नावाला, कारण दिसतं तेवढंच. नावात इमोजी, मराठी अक्षरं किंवा शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा असेल तर तीही एकदा काढून बघा. फोनला चालतं, बेलला चालेलच असं नाही.

म्हणूनच ते वेगळं २.४ चं नाव. बऱ्याच राउटरवर 'आयओटी नेटवर्क' (इंटरनेटला जोडायच्या घरगुती वस्तूंसाठीचं) किंवा 'गेस्ट नेटवर्क' असं एक जादा नाव काढता येतं आणि ते फक्त २.४ वर ठेवता येतं. त्याला साधं डब्ल्यूपीए२ द्या. मुख्य नावावर डब्ल्यूपीए३ राहिलं तरी चालेल. बेल, स्मार्ट प्लग, एसी, गीझरचा स्विच, सगळं तिथे. पुढे-मागे राउटर बदलला तरी हेच नाव-पासवर्ड नव्या राउटरवर घातलं की झालं, सगळ्या वस्तू पुन्हा जोडत बसावं लागत नाही. एक सावधगिरी: गेस्ट नेटवर्कवरच्या वस्तूंना घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून तोडून ठेवायची सोय असते आणि ती सहसा चालूच असते. बेल इंटरनेटवरून बोलते, तिला त्याने फरक पडत नाही. प्रिंटर किंवा कास्टिंगचा टीव्ही तिथे टाकलात तर मात्र फोनला तो सापडणार नाही.

आता बाबांची बेडरूम. इथे 'परिस्थितीवर अवलंबून' असं म्हणावं लागतं, कारण मी तुमची भिंत पाहिलेली नाही. जुन्या इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत असेल तर ५ चा सिग्नल एका खोलीपलीकडे बऱ्यापैकी टिकतो. तुमची इमारत नव्या मायवान पद्धतीची असेल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या, तर दुसऱ्या भिंतीनंतर ५ चा जीव जातो. त्यात मध्ये लोखंडी कपाट, आरसा किंवा पाइप भरलेली बाथरूमची भिंत आली तर बघायलाच नको. गावाकडे कोकणात चिऱ्याच्या घरात तर माजघर ओलांडल्यावर २.४ सुद्धा धापा टाकतं; तिथे एक नाव की दोन ही चर्चाच व्यर्थ, तिथे वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा जादा डबा, लावायचा.

याउलट शहरातल्या २.४ चं दुखणं रेंजचं नसून गर्दीचं आहे. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. डोंबिवलीतल्या एखाद्या विंगमध्ये उभं राहून यादी उघडली की खाली-वर-समोरचे वीस-पंचवीस राउटर सहज दिसतात, आणि ते सगळे त्याच तीन रांगांत उभे असतात. भरीला ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह. त्यामुळे फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि यूट्यूबचं चक्र फिरतच राहतं.

म्हणून निदान आधी. बाबांचा फोन अँड्रॉइड असेल तर वायफायच्या तपशिलात तो २.४ वर आहे की ५ वर ते दिसतं. आयफोनवर ते सहज दिसत नाही, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बघा. मग वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप घेऊन, बाबा जिथे बसतात तिथेच बसून, दार लावून सिग्नलचा आकडा बघा. हा आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलला चिंता नाही, उणे ७५ नंतर कुरबुर, उणे ८० च्या पुढे नावापुरतं. फोन ५ वर असेल आणि आकडा उणे ७८ असेल, तर रेंजचा प्रश्न. २.४ वर असेल, आकडा उणे ५५ असेल आणि तरी अडकत असेल, तर गर्दीचा.

यात फोनची एक खोड लक्षात ठेवा. हाती लागलेला सिग्नल तो सहजासहजी सोडत नाही. ॲपलने आपल्या आयफोनबद्दल हे आकडे उघड दिले आहेत: सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय फोन दुसरा शोधायलाच लागत नाही, आणि शोधला तरी चालू वापरात तो ८ डेसिबलने सरस असेल तरच उडी मारतो. बाकीच्या फोनांचे आकडे वेगळे असतील, स्वभाव हाच.

दोन नावं केलीत तर हा स्वभाव जास्त नडतो, कमी नाही. बाबा हॉलमध्ये ५ च्या नावाला जोडलेले, उठून बेडरूममध्ये गेले. ५ तिथे उणे ८० वर शेवटचे आचके देतोय, पण अजून तुटलेला नाही. फोनच्या दृष्टीने २.४ चं नाव म्हणजे दुसऱ्याच कोणाचं तरी घर. आपल्या घरात पाय ठेवायला जागा आहे तोवर तो तिकडे बघत नाही. मग हाताने सेटिंग उघडून नाव बदलायचं. ते तुम्ही-आम्ही करू, बाबा करणार नाहीत, आणि त्यांनी का करावं? एका नावात निदान फोनला कळतं की हे दोन्ही आपलेच आहेत. ॲपलच्या राउटरविषयीच्या सूचनांतही सगळ्या बँडना एकच नाव ठेवा असंच म्हटलं आहे. मेश, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय देणारा दोन-तीन डब्यांचा संच, घेतलंत तर हा नियम डोळे झाकून पाळा.

मग दोन नावांची बाजू कधी खरी? जागा न सोडणाऱ्या वस्तूंसाठी. टीव्ही हॉलमध्येच राहणार, राउटर त्याच्यापासून आठ फुटांवर, तर त्याला ५ च्या वेगळ्या नावाला बांधून ठेवण्यात काही चूक नाही. ऑफिसचा लॅपटॉप कायम एका टेबलावर असेल आणि सारखा २.४ वर घसरत असेल तर तोही. पण लॅपटॉपसाठी त्याआधी एक सोपी गोष्ट करून बघा: विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून वायफाय अडॅप्टरच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' अशी ओळ असते, बऱ्याच अडॅप्टरना ती असते. तिथे ५ निवडा. काम होतं आणि घरच्यांच्या नावाला हातही लागत नाही. एकटा माणूस, वन आरके, तीन उपकरणं, सगळी एकाच खोलीत, असं असेल तर दोन नावं ठेवा किंवा एक, काही फरक पडत नाही.

दोन नावांचा माझा सगळ्यात मोठा उपयोग तपासणीपुरता असतो. एक दिवस नावं वेगळी करतो, प्रत्येक खोलीत दोन्हींवर स्पीड टेस्ट घेतो, आणि संध्याकाळी पुन्हा एक करतो. त्या दिवसात घराचा नकाशा कळतो. हॉलमध्ये राउटरशेजारी २०० च्या प्लॅनवर ४० च मिळत असतील तर फोन २.४ वर आहे असं समजा. ५ वर असूनही वायफाय आणि वायर दोन्हीकडे ९४ च्या आसपासच थांबत असेल तर राउटरचं पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे. बँडशी खेळून उपयोग नाही. डब्यावर '१२००' लिहिलेल्या राउटरांतही असं पोर्ट निघतं, त्यामुळे हे बघायचं विसरू नका.

नावं वेगळी करताना एक करा, पुढचा तास वाचेल: जुनं नाव २.४ ला ठेवा आणि नवं नाव ५ ला द्या. उलटं केलंत तर घरातल्या सगळ्या २.४ च्या वस्तू अनाथ होतात. आणि नव्या नावामागे '५जी' लावू नका. आमच्याकडे निम्मे लोक त्यावर "माझा फोन ४जी आहे, मला लागणार नाही" म्हणून हात लावत नाहीत.

तुमच्या घरात मी आलो असतो तर या क्रमाने केलं असतं. आधी २.४ ला हाताने चॅनेल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं देऊन चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली असती. ५ ला चॅनेल ३६ आणि रुंदी ८०. तिथे शेजाऱ्यांची दाटी दिसली तर १४९. मधली ५२ ते १४४ ही चॅनेल टाळली असती. हवामानाची आणि इतर रडारं त्या पट्ट्यात चालतात, रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावं लागतं, शिवाय काही टीव्ही-स्टिकना ती दिसतच नाहीत. मग २.४ ची ताकद 'हाय' वरून 'मीडियम' वर आणली असती. हे ऐकायला उलटं वाटतं, पण सारख्याच ताकदीवर २.४ चा सिग्नल साधारण सहा-सात डेसिबल जोरात पोचतो, आणि भोळे फोन जोरात दिसणाऱ्याकडे धावतात. पारडी जवळ आणली की फोन स्वतःहून ५ निवडायला लागतात, स्मार्ट कनेक्टची गरजच कमी होते. दारावरची बेल सेफ्टी डोअरच्या बाहेर असते, त्यामुळे ताकद कमी केल्यावर तिचा आकडा पुन्हा बघा. लोखंडी जाळी चांगलाच घास घेते.

त्यानंतर राउटरची जागा. फायबर जिथून घरात आलं तिथेच, म्हणजे दाराच्या वरच्या माळ्यावर किंवा टीव्हीच्या मागे, राउटर टांगायची पद्धत आहे, कारण बसवणाऱ्याला पुढच्या घरी जायचं असतं. टू बीएचकेमध्ये तो पॅसेजच्या तोंडाशी, छातीच्या उंचीवर आला तर बाबांची खोली एका भिंतीवर येते. फायबरचा डबा वेगळा असेल तर तो तिथेच राहू दे, लॅनची वायर ओढून राउटर पुढे आणा. एकच डबा असेल तर कंपनीकडून लांब पॅच कॉर्ड, म्हणजे फायबरची जोडवायर, मागा. हे करून बेडरूममध्ये ५ चा आकडा उणे ७० च्या आत आला तर यूट्यूबचा प्रश्न तिथेच मिटेल. नाही आला तर रिपीटरवर (हवेतूनच सिग्नल पकडून पुढे ढकलणाऱ्या डब्यावर) पैसे घालू नका; वायरने जोडलेला एक छोटा ॲक्सेस पॉइंट बेडरूमच्या दाराशी, त्यालाही तेच नाव आणि तोच पासवर्ड.

राउटरचं मॉडेल, बेल क्यूआरची आहे की लुकलुकणाऱ्या दिव्याची, आणि बेडरूममधले दोन्ही बँडचे आकडे एवढं कळवा. मायवान इमारत आहे का तेही सांगा, त्यावरून वायर ओढावी लागेल की नाही ते इथूनच सांगता येईल.